नोकरी चालून आलीय, पण क्लब सोडवत नाही

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ३६ वर्षांचे, नाशिक जिल्ह्यात एका बँकेत अधिकारी. मुलगी झोपली की लॅपटॉप उघडतात आणि ‘फुटबॉल मॅनेजर’ हा क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळतात. एकच सेव्ह (साठवून ठेवलेला डाव), एकच क्लब, नववा सीझन. उत्तर इंग्लंडमधला हा छोटा क्लब त्यांनी सहाव्या पातळीवर, म्हणजे नॅशनल लीग नॉर्थमध्ये, हाती घेतला आणि दोनदा वर चढवून लीग टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पातळीवर, आणला. तिथे गाडी अडलीय: सोळावे, नववे, मग प्लेऑफच्या (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांच्या) फायनलला हार, मग बारावे. यंदा फेब्रुवारीत अकरावे. अशात दोन पातळ्या वरच्या, चॅम्पियनशिपमधल्या एका क्लबाने मॅनेजरपदाची ऑफर दिली. तो क्लब २२ व्या क्रमांकावर आहे आणि १४ सामने उरलेत. यांनी दोनदा होकार कळवला आणि दोन्ही वेळा जुना सेव्ह उघडून माघार घेतली, कारण त्यांच्या जागी आलेल्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात ३३ वर्षांच्या कप्तानाला विक्रीच्या यादीत टाकलं. पत्नीचं म्हणणं, ‘खोट्या क्लबापायी खरी झोप घालवतोस.’ प्रश्न तीन: जाऊ का? सेव्ह मागे नेणं म्हणजे चीटिंग का? आणि एवढं मनाला लावून घेणं बरं का? क्लबाचं नाव छापू नका म्हणतात, ऑफिसातली मंडळी ओळखतील.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. नऊ सीझन म्हणजे चारशेच्या आसपास लीग सामने. एवढे सामने ज्या पोरांबरोबर काढले त्यांच्याबद्दल काहीच वाटलं नसतं, तर मी काळजी केली असती. दोन इंग्लिश भावांनी घरच्या खोलीत बसून हा प्रकार सुरू केला आणि १९९२ साली त्याचा पहिला गेम बाजारात आला. तेव्हापासून जगभर शहाणीसुरती माणसं आकड्यांच्या तक्त्यावर जीव लावत आली आहेत. तुम्ही त्यातले एक. पुढे जाऊ.

तुमच्या पत्रात मला दोन माणसं बोलताना ऐकू येतात. एक मॅनेजर आणि एक समर्थक. दोघं एकाच खुर्चीत बसलेत आणि एकमेकांची वाक्यं तोडताहेत. ‘बोर्ड नवं स्टेडियम बांधत नाही, पगाराचं बजेट वाढवत नाही’ हे मॅनेजर म्हणतो. ‘पण हा माझा क्लब आहे’ हे समर्थक म्हणतो. ऑफर मात्र फक्त मॅनेजरला आली आहे.

बँकेतल्या माणसाला हे मी काय सांगावं? शाखेला मॅनेजर येतो, तीन वर्षं गावात राहतो, सगळ्यांच्या लग्नामुंजींना जेवतो, बदलीचा कागद आला की सामान बांधतो. गाव कुठे जात नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये समर्थक म्हणजे गाव. रॉचडेलचा क्लब १९७४ ते २०१० अशी सलग ३६ वर्षं चौथ्या पातळीवर होता. त्या काळात मॅनेजर किती आले आणि गेले. लोक मात्र शनिवारी येऊन बसत राहिले. (ब्लॅकबर्न रोव्हर्सचंच घ्या. २०१० पासून मालक आपल्या पुण्याचे, व्हेंकीज. क्लब २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये तिसऱ्या पातळीवर घसरला, पुढच्याच वर्षी परत वर आला. समर्थकांनी मालकांविरुद्ध घोषणा दिल्या, निदर्शनं केली, पण ‘चला, दुसरा क्लब बघू’ असं काही ते म्हणाले नाहीत.)

आता तुमच्या कप्तानाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथेच आहे. तुम्ही त्याचा तक्ता पत्रात उतरवून दिलाय: वीसपैकी वेग १३ वरून ९ वर आला, निर्धार अजून १८. डावा बॅक, सहाव्या पातळीवर असताना फुकट आला, तेव्हापासून आहे. नव्या मॅनेजरने त्याला यादीत टाकलं आणि तुमच्या पोटात खड्डा पडला. पण पत्राच्या पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय, आणि चांगलं अभिमानाने लिहिलंय, की क्लब हाती घेतला त्या उन्हाळ्यात तुम्ही १४ जणांना मोकळं केलंत. त्या चौदांत आधीच्या मॅनेजरचा कुणी लाडका डावा बॅक नसेलच असं समजायचं का? नव्या माणसाने जे केलं ते मॅनेजरचं काम होतं. तुम्हाला जे दुखलं ते समर्थकाचं दुखणं होतं. दोन्ही खरं आहे, फक्त एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याची नोकरी ठरवायची का, हा प्रश्न आहे.

खऱ्या फुटबॉलमध्ये असं जाणं कसं दिसतं, ते बघायचं तर ल्यूटनचा नेथन जोन्स बघा. २०१६ मध्ये क्लब लीग टूमध्ये असताना आला, २०१८ मध्ये वर चढवला. जानेवारी २०१९ मध्ये क्लब पुन्हा वर चढायच्या बेतात असताना तो चॅम्पियनशिपमधल्या स्टोक सिटीकडे गेला. म्हणजे जवळजवळ तुमचीच गोष्ट. ल्यूटनचे लोक खवळले. स्टोकने त्याला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलं. मे २०२० मध्ये तो ल्यूटनला परतला, शेवटच्या दिवशी क्लबला चॅम्पियनशिपमध्ये टिकवलं, दोन वर्षांनी प्लेऑफपर्यंत नेलं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये परत निघाला, यावेळी साउथॅम्प्टनला. तिथून फेब्रुवारीत नारळ.

गंमत याच्या पुढे आहे. २०१९ मध्ये तो गेल्यावर ल्यूटनने हंगामी मॅनेजरच्या हाताखाली लीग वन, म्हणजे तिसरी पातळी, जिंकली. २०२२ मध्ये तो गेल्यावर रॉब एडवर्ड्सच्या हाताखाली क्लब मे २०२३ मध्ये प्लेऑफ जिंकून प्रीमियर लीगमध्ये पोचला. दोन्ही वेळा क्लब त्याच्यावाचून वर गेला. ‘मी सोडलं तर सगळं कोसळेल’ ही जी तुमची धास्ती आहे, तिच्यावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही. मान्य, थोडा कडू आहे.

आणि जाणाऱ्याला दार कायमचं बंद होतं असंही नाही. ॲक्रिंग्टन स्टॅन्लीचा जॉन कोलमन १९९९ मध्ये आला तेव्हा क्लब व्यावसायिक लीगच्या कितीतरी खाली होता. २००६ मध्ये त्याने त्याला फुटबॉल लीगमध्ये आणलं. २०१२ मध्ये तो रॉचडेलला गेला, वर्षभरात तिथली नोकरी गेली, २०१४ मध्ये परत आला आणि २०१८ मध्ये लीग टू जिंकून दाखवली. मार्च २०२४ मध्ये त्यालाही काढलंच. पण मधलं ते जाणं-येणं कुणी त्याच्या विरोधात धरलं असं मला दिसत नाही. तुमच्या गेममध्येही जुन्या क्लबाची खुर्ची रिकामी झाली की अर्ज करता येतो, आणि तिथे कमावलेलं नाव पुसलं जात नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाई म्हणताहेत जा. थांबा. आधी हे तपासू की तुम्हाला जायचंय कशासाठी. पत्रात कुठेही तुम्ही असं लिहिलेलं नाही की तो चॅम्पियनशिपचा क्लब तुम्हाला आवडतो. त्याच्याबद्दल दोन ओळी आहेत आणि इथे अडकल्याबद्दल दीड पान. म्हणजे तुम्हाला तिकडे जायचं नाहीये, इथून सुटायचंय. मग आधी अडकण्याचं बघू, कारण तुम्ही दिलेल्या माहितीत त्याचं कारण मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

तुम्ही दर सीझनला पाच खेळाडू लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडून तात्पुरते उसने, आणता. पाचच, कारण सामन्याच्या यादीत त्याहून जास्त लोनवाले चालत नाहीत. म्हणजे मर्यादा आहे तेवढी पुरी वापरता. शिवाय निम्म्या संघाचे करार एकेका वर्षाचे. आता स्वतःचेच निकाल काढून बघा. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुम्ही खाली, नाताळाच्या सुमाराला रुळावर, जानेवारीत मोठा क्लब एखाद-दोन पोरं परत बोलावतो आणि पुन्हा घसरण. दर जूनला संघ रिकामा होतो, दर जुलैला नव्याने बांधता. ज्या वर्षी तुम्ही प्लेऑफच्या फायनलला गेलात, त्या वर्षी, तुमच्याच शब्दांत, ‘पैसे नव्हते म्हणून जुनेच खेळवले’. हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते नऊ सीझनमधलं सर्वांत कामाचं वाक्य वाटलं.

लोन दोनवर आणा. एक गोलकीपर किंवा सेंटर बॅक, जिथे अनुभव विकत घेणं परवडत नाही, आणि एक वेगवान पोरगा समोर. करार करताना मधेच परत बोलावण्याची अट काढून टाकायला सांगा; काही क्लब ऐकतात. बाकी गाभ्याच्या सात-आठ जणांना दोन-दोन वर्षांचे करार द्या, पण सगळे एकाच जूनला संपणार नाहीत असे. या पातळीवर पाय किती गोड आहेत यापेक्षा अंगात काय आहे ते बघा: वेग, पहिल्या चार पावलांची झेप, उडी, मेहनत, निर्धार. पासिंग ८ असलेला मिडफिल्डर लीग टूमध्ये खपून जातो. वेग ७ असलेला सेंटर बॅक दर आठवड्याला तुमचं रक्त आटवेल. कॉर्नर आणि लांब थ्रोवर एक संध्याकाळ घालवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच बरेच जण करत नाहीत.

तुमच्या त्या महागड्या स्ट्रायकरबद्दल: पगाराच्या तक्त्यात तो एकटाच डोंगरासारखा उभा आहे. त्याला ठेवायला हरकत नाही, पण तेव्हापासून दुसऱ्या प्रत्येक एजंटने त्याचाच आकडा पुढे केला, असं तुम्हीच लिहिता. एवढे गोल तो करतोय का? पंधरा सामन्यांत चार, हा आकडा मला तरी काही पटवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी माहीत नसल्याने लोकांचे हातचे पैसे जातात. २४ च्या आतला खेळाडू करार संपून दुसऱ्या इंग्लिश क्लबात गेला, तर तुम्हाला भरपाई मिळू शकते. मात्र तुम्ही त्याला निदान आहे तेवढ्याच पगाराचा नवा करार आधी देऊ केलेला असला पाहिजे. तो नाही म्हणणार हे दिसत असलं तरी द्या. तुमचा तो १९ वर्षांचा विंगर गेला आणि ‘एक पै मिळाली नाही’ म्हणता, ते बहुधा यामुळेच. विकताना पुढच्या विक्रीतला टक्का मागायचा हेही अंगवळणी पाडा. आज हजारांत गेलेला पोरगा तीन वर्षांनी लाखोंत विकला जातो आणि तुमच्या गंगाजळीत अचानक जान येते.

कपचं म्हणाल, तर एफए कप या लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत मोठ्या मैदानावर सामना लागला की तिकिटांतला वाटा मिळतो, पण त्यावर बजेट बांधू नका. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या पातळीवरच्या टॅमवर्थने प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० असं रोखून धरलं. जुन्या नियमाने लंडनला फेरसामना झाला असता आणि त्या एका रात्रीच्या गेटवर क्लबचं वर्ष निघालं असतं. त्याच सीझनपासून पहिल्या फेरीपासूनचे फेरसामने बंद झाले होते. टॅमवर्थ जादा वेळेत ३-० हरलं.

बोर्डाला तुमच्याकडून काय हवंय, ते पान शेवटचं कधी उघडलंत? तुम्ही लिहिलंय, ‘बोर्ड समाधानी आहे, हेच खटकतं.’ सहाव्या पातळीवरचा क्लब चौथ्यावर चार वर्षं तगून आहे. जे चढू शकत नाही ते सडलं, हे तुम्ही कुठून आणलंत? मला वाटतं बँकेच्या टार्गेटांतून. तिथे दर मार्चला आकडा वाढावाच लागतो. इथे २४ क्लबांतले तीन थेट वर जातात, एक प्लेऑफमधून. बाकी वीस जणांनी काय करायचं?

आता ती ऑफर. मी ती घेणार नाही, आणि यात निष्ठेचा काही संबंध नाही. ऑफर कच्ची आहे. फेब्रुवारी आहे, ट्रान्स्फर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत) बंद झाली, म्हणजे आहे तोच संघ आणि रिकामे हिंडणारे चार खेळाडू एवढंच हाताशी. खालचे तीन खाली जातात आणि तुम्ही बाविसावे. चौदा सामन्यांत तुम्ही त्यांना वाचवलंत तर वा वा. नाही वाचवलंत, तर जूनमध्ये तुमच्या गळ्यात लीग वनचं उत्पन्न आणि चॅम्पियनशिपचे पगार. त्या क्लबाच्या संघाचं पान उघडून करार कुठवर आहेत ते बघा. तिशी ओलांडलेल्यांचे करार अजून दोन-तीन वर्षांचे दिसले, तर मागच्या मॅनेजरने नुसता खड्डा खणून ठेवलाय असं समजा. यापेक्षा दुसऱ्या पातळीवर बाराव्या-तेराव्या क्रमांकावर असलेला, नाहीतर लीग वनमधला नीट पगारपत्रक असलेला क्लब मे-जूनमध्ये मॅनेजर शोधत असेल, तर तिथे स्वतःहून अर्ज करा. तेव्हा मुलाखतीत बजेट, प्रशिक्षक, युवा संघ यांवर चार गोष्टी ठणकावून मागता येतात. बुडत्या क्लबाकडे घासाघीस करायला वेळ नसतो, तुमच्याकडेही नसतो.

म्हणजे सल्ला असा: हा सीझन इथेच संपवा. पुढचा सीझन लोन कमी करून, वर सांगितलं तसा काढा. तेव्हाही मधल्या जागी राहिलात आणि खेळायला बसताना कंटाळा यायला लागला, तर जा, मागे वळून बघू नका. आणि कंटाळा न येता बारावा क्रमांक आला, तर तुम्ही आतून समर्थकच आहात असं धरा आणि तिथेच म्हातारे व्हा. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त मग प्रमोशन मिळत नाही म्हणून मला पत्र लिहायचं नाही.

सेव्ह मागे नेण्याबद्दल लोक फार सोवळं पाळतात. एकट्याचा खेळ आहे, कुणाला फसवलं तुम्ही? पेनल्टी चुकली म्हणून कुणी मागे नेत असेल तर त्याचा तोच मजा घालवतो, एवढंच. तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही हरल्यावर मागे गेला नाहीत, निरोप सहन झाला नाही म्हणून गेलात. दोनदा तेच झालं, म्हणजे तुमचं उत्तर तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्यांदा होकार द्यायची वेळ आली, तर मात्र एक पथ्य पाळा: नव्या क्लबात निदान पाच सामने होईपर्यंत जुन्या क्लबाच्या बातम्या उघडायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा मॅनेजर सगळ्यांनाच यादीत टाकतो, त्यातले निम्मे विकलेही जात नाहीत.

पत्नीच्या वाक्याला तुम्ही क्लब खरा की खोटा या वादात ओढलंत. त्यांचा मुद्दा झोपेचा आहे, आणि तो बरोबर आहे. रात्री दीड वाजतो असं तुम्हीच कबूल करता. घड्याळ लावून हा गेम बंद होत नाही, कारण मधे नेहमी ‘पुढचा एकच’ सामना असतो. त्यामुळे थांबायची जागा खेळातच ठरवा: रात्री दोन सामने, दुसरा संपला की त्यानंतरची पत्रकार परिषद सहायकावर सोपवायची, सेव्ह, बंद. पुढच्या सामन्याचा संघ निवडायला बसायचं नाही. एकदा संघ निवडला की तुम्ही खेळणारच. आणि विंडोच्या शेवटच्या दिवशी बसायचं असेल तर ते शनिवारी बसा, बायकोला आधी सांगून.

राहता राहिला कप्तान. त्याचा करार येत्या जूनला संपतोय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख दिसते आहे. आज रात्रीच त्याच्याशी बोला. पगार थोडा कमी, एक वर्ष, राखीव खेळाडू म्हणून. प्रशिक्षक व्हायची त्याची इच्छा आहे का तेही बघून ठेवा. असेल तर निवृत्त झाल्यावर तुम्ही ज्या क्लबात असाल तिथे त्याला प्रशिक्षकांत घेता येईल.